मूल गेल्यानंतर कॅन्सरग्रस्त मुलांसाठी काम करायचंय: कोल्हापूर जिल्ह्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातली काही कुटुंबं. कुणाचं मूल कॅन्सरनं गेलं, कुणाचं बरं होऊन शाळेत जातंय. येणाऱ्या फोनवर तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. यात आमची मतंही आहेत, ती सगळ्यांना पटतीलच असं नाही. उपचारांबद्दलचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

आमचं मूल जाऊन थोडेच दिवस झालेत. लगेच काही सुरू करावं का?

करावंसं वाटतंच. ज्या घराचं सगळं वेळापत्रक रक्ताचे काउंट, केमो आणि परळच्या टाटा रुग्णालयातल्या तारखांवर चालत होतं, त्या घरात अचानक कुठंच जायचं उरत नाही. त्यात पै-पाहुणे सुचवायला लागतात, ‘त्याच्या नावानं काहीतरी करा.’ रक्षाविसर्जनाला आलेल्यांपैकी कुणीतरी ट्रस्टचं नावसुद्धा ठरवून टाकतं.

पहिल्या वर्षात मोठं काही अंगावर घेऊ नका, असं आम्ही सांगतो. हातउसने पैसे फेडायचे असतात, गहाण ठेवलेलं सोनं सोडवायचं असतं, घरात दुसरं मूल असतं आणि त्याच्याकडं बघायचं राहून गेलेलं असतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्या गटातून कुणाला वॉर्डात पाठवत नाही, भाषणाला उभं करत नाही.

एक काम मात्र लगेच करा. एक वही घ्या आणि कुठं कुठं अडलात ते लिहून काढा. पहिल्यांदा डॉक्टरकडं कधी नेलं, त्यांनी काय सांगितलं, किती दिवसांनी पुढं पाठवलं, कुठल्या कागदासाठी परत यावं लागलं, रात्री प्लेटलेट कुठून आणले, खोलीभाड्यात किती गेले. वर्षभरानं यातलं निम्मं आठवत नाही आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला हेच लागतं.

काम नेमकं कशापासून सुरू करायचं?

तुम्ही जिथं अडलात तिथून. ‘कॅन्सरमुक्त कोल्हापूर’ वगैरे घोषणा ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्यातून उद्या सकाळी कुणाला भेटायचं हे कळत नाही. चंदगडच्या बाईला माहीत असतं की गावातून कोल्हापूरला यायलाच शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडतं आणि ताप आलेल्या पोराला एसटीत बसवून आणणं म्हणजे काय. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाला माहीत असतं की योजनेतून केमो मिळाली तरी बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही. शिरोळच्या घराला २०१९ चा महापूर आठवतो, हायवे बंद पडला होता तेव्हाचा. तारीख केमोची होती आणि गाडी पुढं जात नव्हती.

डॉक्टरांना आजार माहीत असतो, अधिकाऱ्याला नियम माहीत असतो. या दोघांच्या मधली अडचण फक्त घरच्यांना माहीत असते. आपलं बोलणं तिथंच ठेवायचं.

मुलांचा कॅन्सर दुर्मीळ असतो ना? मग एवढं कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. मोठ्यांच्या मानानं हा आकडा छोटाच आहे. पण श्रीमंत देशांत यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्केसुद्धा होत नाहीत. औषधं बरीचशी तीच आहेत, त्यातली कितीतरी जुनी आणि स्वस्तही. फरक पडतो तो उशिरा झालेल्या निदानानं, चुकीच्या निदानानं, अर्धवट सोडलेल्या उपचारांनी आणि उपचारादरम्यानच्या जंतुसंसर्गानं. २०१८ मध्ये याच संघटनेनं २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलं.

ही चारही कारणं जिल्ह्याच्या पातळीवर कमी करता येण्याजोगी आहेत. त्यासाठी कोल्हापुरात नवं औषध शोधावं लागत नाही.

आमच्या हातून काही चुकलं का? पंचगंगेच्या पाण्यानं झालं असेल का?

हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. मोठ्यांच्या कॅन्सरमध्ये तंबाखू, दारू वगैरे कारणं दाखवता येतात. मुलांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असं बोट ठेवता येत नाही. थोड्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष सापडतो. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात तो जास्त वेळा दिसतो आणि म्हणून अशा घरातल्या भावंडांचे डोळे तपासून घ्यावेत. बाकी आईनं गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, कुणाची नजर लागली, याचा काही संबंध नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. शेजारची मुलं खेळायला पाठवत नसतील तर त्या घरी जाऊन हे सांगायला आमच्यातलं कुणीतरी येईल.

पंचगंगेचं प्रदूषण थांबायलाच हवं. पण ‘आमचं मूल त्या पाण्यानं गेलं’ असं निवेदनात लिहू नका. एका मुलाच्या आजाराचा असा संबंध सिद्ध करता येत नाही, आणि समोरच्या अधिकाऱ्याला तेवढंच वाक्य पकडून अख्खं निवेदन बाजूला ठेवता येतं.

गावात, शाळेत कॅन्सर तपासणी शिबिर घेऊ का?

नको. आमच्या जिल्ह्याला शिबिरांची भारी हौस. मांडव, फ्लेक्स, पाहुणे, नारळ, सगळं झटकन जमतं. पण मुलांच्या बहुतेक कॅन्सरसाठी धडधाकट मुलांना रांगेत उभं करून करायची अशी कुठली चाचणीच नाही. शिबिरात काही सापडलं नाही म्हणून आईबाप निर्धास्त होतात आणि दोन महिन्यांनी गाठ दिसली तरी म्हणतात, ‘आत्ताच तर तपासलंय की.’

त्यापेक्षा मुलांना आधीपासून बघणाऱ्या माणसांपर्यंत खुणा पोचवा. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, गावातले डॉक्टर, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून आशांच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागून घ्या. नारळ लागत नाही.

कुठल्या खुणा सांगायच्या?

मूल पांढरंफटक पडत जाणं. न लागताच अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून वारंवार रक्त. औषधं देऊनही न हटणारा ताप. हाडं दुखतात म्हणून लंगडणं, ‘चालायला नको, उचलून घे’ म्हणणं. मानेत, काखेत, जांघेत वाढत जाणारी गाठ. पोट एका बाजूला कडक लागणं. हे बहुतेक वेळा आंघोळ घालताना आईच्या हाताला कळतं. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी. अचानक आलेला तिरळेपणा, किंवा मोबाईलच्या फ्लॅशमध्ये बाहुलीत दिसणारी पांढरी चमक.

यातलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं अजिबात नाही. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. सांगायचं एवढंच की तीच तक्रार घेऊन मूल पुन्हा पुन्हा आलं तर थांबायचं नाही, साधी रक्ततपासणी करायची आणि पुढं पाठवायचं.

डॉक्टरांच्या बैठकीत बोलायची संधी मिळाली तर एक मुद्दा विसरू नका. सांधे दुखतात म्हणून संधिवात समजून स्टिरॉइड सुरू झालं, तर रक्ताच्या कॅन्सरच्या खुणा काही काळ झाकल्या जातात आणि निदान लांबतं. पालकानं हे डॉक्टरांना शिकवू नये. बालरोगतज्ज्ञालाच बोलायला सांगावं आणि आपण शेजारी बसावं.

सगळ्यात आधी धरावी अशी एकच मागणी सांगा.

केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर त्याला केसपेपरच्या रांगेत उभं करायचं नाही.

केमोनं पांढऱ्या पेशी खाली जातात. ‘काउंट पडलेत’ म्हणतात ते हेच. अशा मुलाच्या अंगात जंतुसंसर्ग झाला तर पू होत नाही, सूज येत नाही. बऱ्याचदा ताप ही एकच खूण असते आणि काही तासांत मूल हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून ताप आल्यापासून नव्हे तरी किमान दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हा जगभर मानलेला नियम आहे. परळला किंवा पुण्याला हे नीट होतं. पण मूल केमो घेऊन घरी येतं आणि ताप येतो तो गडहिंग्लजला, मलकापूरला, रात्री. तिथं ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरनं असं मूल कधी पाहिलेलं नसतं. मग ‘आधी रिपोर्ट येऊ दे’, ‘सकाळी मोठे साहेब येतील’ यात रात्र जाते. आमच्या गटातल्या काही घरांच्या वह्यांत हेच पान आहे.

मागणी अशी लिहा: उपचार करणाऱ्या रुग्णालयानं दिलेलं कार्ड किंवा फाईल दाखवली की मूल थेट अपघात विभागात घ्यावं. इतर तापाच्या, गोवर-कांजिण्यांच्या मुलांशेजारी बसवू नये. सीबीसी (पेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) यांसाठी रक्त घ्यावं आणि रिपोर्टची वाट न बघता पहिला डोस द्यावा. मूळ रुग्णालयाला फोन करावा. ही सूचना एका पानावर, मराठीत, ड्युटीच्या टेबलामागच्या भिंतीवर असावी.

याला इमारत लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. लागणारी अँटिबायोटिकं सरकारी रुग्णालयात सहसा असतात. आणि झालं की नाही ते भिंतीकडं बघून कळतं. मागणी अशीच असावी, जिचं उत्तर ‘बघू, प्रयत्न करू’ असं देता येत नाही.

पत्र कुणाला द्यायचं? नुसतं पत्र देऊन काय होतंय?

नुसतं देऊन काहीच होत नाही. सीपीआरसाठी, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासाठी, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. पत्र एका पानाचं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचं नाही. पंधरवड्यानं पुन्हा जायचं. उत्तर नाही आलं तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ‘आमच्या अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली’ एवढं विचारता येतं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नव्या सोयीसाठी निधी हवा असेल तर जिल्हा नियोजन समिती आणि पालकमंत्री, पण तिथं जाताना आकडा हातात घेऊन जा.

पाठपुरावा म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. टोल इथंच रद्द झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी अनेक दशकं मागणी लावून धरली, तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. फक्त एक भान ठेवा: मोर्चा शेवटी. आपल्याला ज्या डॉक्टरांकडून काम करून घ्यायचंय, त्यांच्याच दारात पहिल्या दिवशी घोषणा दिल्या तर सिस्टरसुद्धा बोलायच्या बंद होतात. बऱ्याचदा त्यांनाही तेच हवं असतं आणि वर मागायला त्यांना आपलं पत्र उपयोगी पडतं.

तालीम मंडळांची मदत होईल का? ते रक्तदान शिबिर घेतो म्हणतात.

होईल, आणि मनापासून होईल. पण शिबिराचं रूप थोडं बदलायला सांगा. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना वारंवार प्लेटलेट लागतात आणि प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात. शिवजयंतीला शेकडो बाटल्या जमल्या तरी तीन आठवड्यांनी रात्री अकराला त्यातलं काही हाताशी नसतं.

मंडळाकडं तरणी, व्यायामाची पोरं असतात. त्यांची गटवार यादी करा: रक्तगट, फोन, वजन, शेवटचं रक्तदान कधी. मशीनवर फक्त प्लेटलेट काढून बाकी रक्त परत देतात, त्याला एसडीपी म्हणतात. त्यात तासभर ते दीड तास जातो आणि साध्या रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही. गंगावेशीतल्या एखाद्या पैलवानाला सुईची भीती वाटू शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याला हसू नका. यादी एकाच माणसाकडं ठेवा आणि पेशंटच्या घरच्यांना थेट देऊ नका, नाहीतर एकाच पोराला वीस फोन जातात आणि तो नंबर बदलतो.

नातेवाइकांनी मुलाला वैदूकडं नेलं होतं. याबद्दल बोलावं का?

बोलावं, पण त्या नातेवाइकांना चव्हाट्यावर न आणता. घाबरलेला माणूस कुठंही जातो. ‘हमखास बरा करतो’ अशी जाहिरात करणाऱ्याचं मात्र ऐकून घ्यायचं कारण नाही. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे. फलकाचा किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीचा फोटो घ्या, तारीख लिहा, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार द्या.

पैशाच्या मदतीबद्दल लोक विचारतात. काय सांगायचं?

आधी योजना, मग वर्गणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांनाच आधी गाठायचं. मदत क्रमांक १५५३८८. लोक अडतात ते बहुतेक कागदावर. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावर दुसरं. तुमच्या गटातल्या एका माणसानं फक्त एवढंच काम हातात घेतलं तरी चालेल: तहसील कार्यालय, सेतू केंद्र, कागद. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

त्याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, आणि धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या प्रत्येकी १० टक्के खाटा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडेमाफी असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा सहीशिक्क्याचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून दादरला उतरणाऱ्या कितीतरी घरांना हे महिनोन्‌महिने माहीत नसतं.

आम्हाला मुंबईत कोल्हापूरच्या मुलांसाठी राहायची सोय करायची आहे.

इच्छा कोल्हापूरला शोभणारीच आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली ती याच हिशेबानं: शाळा असून काय उपयोग, राहायला जागा नसेल तर पोरगं शिकणार कसं. दवाखान्यालाही तेच लागू आहे. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने मुंबई सोडता येत नाही, आणि फूटपाथवर राहणाऱ्या मुलाचा ताप औषधानं थांबत नाही.

तरीही खोली विकत घेण्याआधी आहे ते बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयाच्या पेशंटांसाठी वर्षानुवर्षं चालू आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. खास मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया २००६ पासून मुंबईत मोफत केंद्रं चालवतं. तिथं कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि स्वतःचा स्वयंपाक करता येतो. मुंबईतला फ्लॅट म्हणजे सोसायटीची परवानगी, देखभाल, केअरटेकर, आणि दर महिन्याला कुणालातरी ‘जागा नाही’ म्हणायची पाळी. तेवढ्या पैशात या जागांवर आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचं रेशन, दूध, प्रवास यांचा खर्च कितीतरी वर्षं निघतो. आमचा कौल त्याच बाजूला आहे. ज्यांना खोलीच घ्यायची आहे त्यांच्याशी आम्ही भांडत नाही.

मुलाचा फोटो वापरावा का?

फ्लेक्सवर नको. चौकात केस गेलेल्या मुलाचा फोटो, खाली नेत्यांच्या रांगा, आणि तिथूनच त्याची बहीण रोज शाळेत जाते. घरच्या कार्यक्रमात, बातमीत वापरायचा असेल तर आई आणि वडील दोघांनाही विचारून, आणि भावंडं कळत्या वयाची असतील तर त्यांनाही. शक्यतो आजाराच्या आधीचा फोटो द्या. मुलाला तोच आवडला असता, असं बहुतेक घरी सांगतात.

दुसऱ्याच्या, उपचार चालू असलेल्या मुलाचा फोटो किंवा रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा नाही. वाचलेलं मूल उद्या कॉलेजात जाईल, लग्नाचं होईल. ‘हा कॅन्सरवाला’ ही ओळख त्याच्या मागं आपण का लावायची?

वॉर्डात जाऊन पालकांना धीर द्यावासा वाटतो.

इथं थोडं कडू बोलावं लागतं. ज्याचं मूल आज केमो घेतंय त्या आईला आपल्याकडं बघून काय वाटेल? तिचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमचं बाळ आता कसं आहे?’ त्याला खरं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर घेऊन ती रात्र तिला त्याच खाटेशेजारी काढायची असते.

म्हणून आमच्यात वाटणी आहे. उपचार चालू असलेल्यांशी ज्यांची मुलं बरी झाली आहेत ते पालक बोलतात. आम्ही बाकीचे कागद, पाठपुरावा, रक्तदात्यांची यादी, आशांच्या बैठका सांभाळतो. आणि ज्या घरी मूल गेलंय तिथं आम्हीच जातो. तिथं बरं झालेल्या मुलाच्या बापाला पाठवत नाही. वॉर्डात जायचंच असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारून, त्यांच्या नियमानं, आणि खाऊ न घेता. बाहेरचं खाणं त्या मुलांना चालत नाही.

ट्रस्ट नोंदवावा का?

दोन वर्षं काम करून बघा, मग. पैसे गोळा करायचे नसतील तर नोंदणीशिवाय अर्ज, पाठपुरावा, जागृती सगळं होतं. संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात, धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडं नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडं वेगळा अर्ज. सात सह्या मिळतात. पाचव्या वर्षी बैठकीला येणारी सात माणसं मिळणं अवघड. तोवर देणगी कुणी देऊ केली तर ती थेट रुग्णालयाच्या किंवा चालू संस्थेच्या खात्यावर भरायला सांगा. कुणाच्याही वैयक्तिक फोन क्रमांकावर पैसे घ्यायचे नाहीत, कितीही विश्वासातला असला तरी.

घरात एकानं काम करायचं म्हटलं की दुसरा चिडतो.

बहुतेक घरांत असंच असतं. आई बोलून मोकळी होते, बाप दूध घालायला जातो आणि तिथंच उशीर करतो. कुणाला नाव ऐकवत नाही, कुणाला दिवसभर तेच बोलायचं असतं. कामाला दोघं आलेच पाहिजेत असा आग्रह नको. आजी-आजोबांना तर कुणी विचारतच नाही, त्यांनी नातवाचं जाणं आणि आपल्या मुलाचं दुःख दोन्ही बघितलेलं असतं. भावंडांवर ‘आता तूच आमचं सगळं’ हे ओझं टाकू नका. त्यांना कार्यक्रमात स्टेजवर बोलावू नका. झोप, जेवण, कामधंदा सुटला असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आईबापांनी असं काही केल्यानं कुठं फरक पडलाय का?

पडलाय. अमेरिकेत १९४४ मध्ये डी व्हिलियर्स कुटुंबाचा रॉबी हा सोळा वर्षांचा मुलगा ल्युकेमियानं गेला. तेव्हा या आजारावर औषधच नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी १९४९ मध्ये त्याच्या नावानं संस्था काढली. तीच पुढं त्या देशातली रक्ताच्या कॅन्सरवरची मोठी संस्था झाली. मधल्या काळात, १९४८ मध्ये, डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधानं मुलांचा ल्युकेमिया काही काळ का होईना मागं हटतो हे दाखवलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथले प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच औषधाच्या घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही आपल्या मुलांच्या डब्यात पिवळी गोळी म्हणून असतं.

आपल्याकडं स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या पूनम बगई यांनी २००४ मध्ये कॅन्सरग्रस्त मुलांसाठी कॅनकिड्स ही संस्था सुरू केली. टाटा रुग्णालयात मुलांच्या विभागानं राहणं, खाणं, पैसे आणि पाठपुरावा यांची जबाबदारी घेतल्यावर उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. म्हणजे मुलं पळून जात नव्हती, घरं थकत होती.

१५ फेब्रुवारीला काय करावं?

तो आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. बिंदू चौकात मेणबत्त्या लावायच्या तर लावा. त्याच दिवशी अधिष्ठात्यांची वेळ घेऊन मागच्या वर्षीच्या पत्राचं काय झालं ते विचारलं तर आम्हाला जास्त बरं वाटेल.

एका पुढाऱ्यानं आमच्या मुलाच्या नावानं रुग्णवाहिका देतो म्हटलंय.

चालक, डिझेल आणि विमा कोण भरणार ते लिहून घ्या. निवडणूक जवळ आली असेल तर उद्घाटन निकालानंतर ठेवा.

काम झेपेनासं झालं, किंवा नकोच वाटायला लागलं तर?

थांबा. कारण सांगावं लागत नाही. काहींना तीन वर्षांनी वाटतं की आता घरात फक्त मुलाची आठवण हवी, आजाराची नको. त्यांना कुणी अडवू नये. जाताना एवढंच करा: पत्रांच्या पोचपावत्यांची फाईल, कुठल्या टेबलावर कोण मदत करतं त्याची नावं आणि रक्तदात्यांची यादी दुसऱ्याच्या हातात द्या. यादीतल्या पोरांना फोन करून नवा माणूस कोण ते सांगा, कारण अनोळखी नंबर रात्री अकराला कुणी उचलत नाही.